पलीकडचे गाव दिसते आहे

माझा भाचा इंग्लंडात असतो. मागे एकदा फोनवर म्हणाला, "मामा, मोटारसायकल घेऊन स्पेनला चाललोय." मी नकाशा उघडला. मध्ये अख्खा फ्रान्स. म्हटले, "एवढं अंतर कापणार?" तो हसला. "कापायचं कुठं? गाडी बोटीत चढवायची."

मग त्याने सविस्तर सांगितले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ आणि पोर्ट्समथ ही बंदरे आहेत. तिथून मोठ्या फेरीबोटी स्पेनच्या सांतांदेर आणि बिल्बाओला जातात. प्लिमथ ते सांतांदेर ही बोट १९७८ साली सुरू झाली. वाटेत बिस्केचा खवळणारा उपसागर. तो ओलांडायला जवळजवळ एक दिवस लागतो, काही बोटींना त्याहून जास्त. मोटारसायकली खालच्या मजल्यावर ओळीने उभ्या करतात, खलाशी त्या पट्ट्यांनी आवळून बांधतात आणि मालक वर जाऊन जेवतो, झोपतो. जाग आली की दुसरा देश.

खरे सांगतो, हेवा वाटला. आम्ही नेवाशाचे. समुद्र आमच्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब. ज्ञानदेवांनी इथेच, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली आणि तीत समुद्राचे दृष्टांत पुन्हा पुन्हा दिले. पण ऐकायला बसलेल्यांपैकी कितीजणांनी समुद्र पाहिला असेल? १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी उत्खनन केले, तेव्हा भूमध्य समुद्राकडून आलेल्या रोमन कुंभांची खापरे इथल्या मातीत सापडली. म्हणजे समुद्र नेवाशाला येऊन गेला होता, तोही दोन हजार वर्षांपूर्वी. नेवासकर मात्र समुद्राकडे क्वचितच गेला.

मी गेलो, तो बदलीमुळे. बँकेने १९८६ साली मला गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाखेत पाठवले. त्या गोष्टीकडे पुढे येतोच. भाच्याच्या फोनने एवढे झाले, की यंदा जानेवारीत मी दीडशे सीसीची गाडी काढली, पाठीमागे बोचके बांधले आणि घरच्यांचा विरोध गृहीत धरून निघालो. नगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, श्रीवर्धन. बिस्केचा उपसागर आपल्या वाट्याचा नाही, पण खाड्या आहेत.

रायगडापासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने जायचे तर वाट चार मोठ्या ठिकाणी पाण्यात उतरते. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा–दिघी, सावित्रीच्या मुखावर बागमांडला–वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे, शास्त्रीवर तवसाळ–जयगड. या चारही ठिकाणी गाड्या वाहून नेणाऱ्या बोटी आहेत. पहिली सुरू झाली ती दाभोळची, २००३ साली. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी बोट त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मार्च २०२० मध्ये आली. खाडीतल्या या बोटीला कोकणातला माणूस 'जंगलजेट्टी' म्हणतो. तिच्यात ना जंगल, ना धड जेट्टी. सपाट तळाचा लोखंडी तराफा, वर एका बाजूला माडी आणि तोंडाशी खाली पडणारी एक भलीमोठी झडप. झडप किनाऱ्यावरच्या उतारावर टेकते आणि रस्ता पुढे बोटीत शिरतो.

मोटारसायकलवाल्याची परीक्षा तिथेच होते. ओहोटी असली की उतार मोठा आणि शेवाळलेला. झडपेचे लोखंड ओले. पुढचा ब्रेक दाबलात तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा. पहिल्या गिअरमध्ये, पाय दोन्हीकडे सोडून, खलाशाच्या हाताकडे बघत चढायचे. ट्रक आणि मोटारी मध्ये, दुचाक्या कडेला. गाडी गिअरमध्येच बंद करायची, म्हणजे हलत नाही. बागमांडल्याला माझी गाडी अर्ध्यावर बंद पडली, तेव्हा माझ्या नातवाच्या वयाच्या खलाशाने मागून जोर लावला. म्हणाला, "काका, घाबरू नका. रोज दहाजण पडतात." एवढ्याने धीर आला असे म्हणवत नाही.

वेशवीला उतरून केळशी, आंजर्ले, हर्णै करत संध्याकाळी दाभोळला पोचलो. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले गजबजलेले बंदर. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या आल्मेदाने ते जाळले. आज ते माडांत दडलेले शांत गाव आहे. तिथे माझा एक जुना सहकारी राहतो. आमच्या शाखेत तो शिपाई होता. नाव लिहिले तर त्याला संकोच वाटेल, म्हणून लिहीत नाही.

तेव्हा तो नोकरीसाठी गुहागरच्या बाजूला राहायचा आणि घर खाडीपलीकडे दाभोळात. माणसांना नेणारी लाँच दिवसा असे. गाडी पलीकडे न्यायची तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा. समोरचे गाव दिसते आहे, त्यातल्या घरांचे दिवे मोजता येतात, पण जायचे म्हटले तर अर्धा जिल्हा पालथा घालायचा.

१९८७ च्या जुलैमध्ये एका रात्री दहाच्या सुमारास शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. त्याच्या वडिलांचे जास्त झाले होते. बाहेर धो धो पाऊस, खाडीला उधाण. लाँच बंद. होडीवाल्याला उठवले, तर तो नुसता पाण्याकडे बोट दाखवून आत गेला. त्याचेही चुकले नव्हते. मी माझी राजदूत काढली. तो मागे बसला. चिपळूणपर्यंत दोघे एक शब्द बोललो नाही. खेडला जगबुडी पात्राबाहेर आलेली, पुलाअलीकडे गाड्या थांबलेल्या. तिथे तीन तास गेले. सकाळी साडेआठला दाभोळला पोचलो. वडील पहाटे चारला गेले होते.

त्याच्या ओटीवर मी ओल्या कपड्यांनी बसलो होतो. पाऊस उघडला, धुके सरले आणि समोर, पाण्यापलीकडे, आमच्या बँकेचे पत्रे दिसले. मी पाहतो आहे हे त्याने पाहिले. म्हणाला, "साहेब, बाबा इथंच बसायचे. तुमच्या बँकेचा दिवा लागला की आईला सांगायचे, पोरगं आता सुटलं." त्यानंतर कितीतरी कर्जाच्या अर्जांवर मी सह्या केल्या, 'अंतर' नावाच्या रकान्यात किलोमीटरचे आकडे पाहिले. त्या रकान्यावर माझा पूर्वीसारखा विश्वास कधी बसला नाही.

म्हणून यंदा त्याच ओटीवर बसून मी जंगलजेट्टीचे तोंडभर कौतुक केले. माणसे गाडीतून उतरून दहा-बारा मिनिटे पाण्याकडे बघतात, अनोळखी माणसाशी बोलतात, हे हल्ली कुठे उरले आहे? आता सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे. बाणकोटच्या खाडीत बरीच वर्षे अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब मी येताना पाहिले होते. मी म्हणालो, "पूल झाले की ही मजा जाणार हो."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "साहेब, तुम्ही फिरायला आलात. तुम्हाला बोट बरी. आम्हाला रात्री दोन वाजतासुद्धा पलीकडे जायचं असतं."

मी गप्प बसलो. ते त्याने मला ऐकवण्यासाठी म्हटले नव्हते, आणि त्या रात्रीचे नावही घेतले नव्हते.

बोटीची ओढ आपल्याकडे बहुतेक ज्यांना बोटीवाचून अडत नाही त्यांनाच असते. मुंबई–गोवा आगबोटीच्या आठवणी आम्ही साहित्यिकांनी किती रंगवल्या! पण कित्येक बंदरांत धक्का नसल्याने आगबोट भर समुद्रात उभी राहायची आणि बायाबापड्या, तान्ही मुले, ट्रंका हेलकावणाऱ्या पडावात उतरवाव्या लागत, हे त्या आठवणींत गमतीचे म्हणून येते. पावसाळ्यात ती वाहतूक बंदच असे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. समुद्राची वाट ही गरिबांची वाट होती, कारण दुसरी नव्हती. भाच्याची स्पेनची बोट वेगळी. त्याला विमान होते, फ्रान्समधून रस्ता होता. त्याने बोट निवडली. निवड असते तिथेच प्रवासाला मजा म्हणता येते.

मग बोटी जाव्यात का? तसेही मला वाटत नाही. मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गपर्यंत गाड्या नेणारी बोट सुरू करण्याची घोषणा २०२५ साली झाली. ती नियमित चालावी, गणपतीला जाणाऱ्या माणसाने आपली मोटारसायकल तिच्यात चढवावी आणि रात्रभर वारा खात जावे. पूल झाल्यावरही खाडीत एखादी जंगलजेट्टी राहावी. मात्र तिच्यात चढणाऱ्याच्या पाठीशी पूल असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला धक्क्यावर पोचवायला आला. बोटीत एक रुग्णवाहिका आधीच उभी होती. खलाशाने तिच्यापुढे एकही गाडी लावू दिली नाही, म्हणजे पलीकडे ती सर्वांआधी उतरेल. कुणी तक्रार केली नाही. मी घड्याळ लावले. धोपाव्याला झडप टेकली तेव्हा बारा मिनिटे झाली होती. १९८७ साली आम्हाला साडेदहा तास लागले होते. मागे वळून पाहिले. तो अजून धक्क्यावर उभा होता, एवढा लहान की ओळखला तो केवळ उभे राहण्याच्या ढबीवरून.

परतताना वाकडी वाट करून प्रवरासंगमला गेलो. १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झाल्यापासून तिथे गोदावरी-प्रवरेचे पाणी समुद्रासारखे पसरते. आजोबांच्या तोंडी तिथल्या होडीच्या गोष्टी असत. पूर आला की पलीकडच्या कायगावात सोयरे दिसत आणि हाका मारून निरोप द्यावे लागत. लहानपणी आम्हाला त्या फार आवडायच्या. आजोबा मात्र त्या सांगताना हसत नसत, हे आता लक्षात आले.

पूल ओलांडायला एक-दोन मिनिटे लागली. पलीकडे जाऊन गाडी उभी केली, थोडा वेळ पाणी पाहिले आणि घरी आलो.