३८८ विरुद्ध १

लोकप्रतिनिधीनं कुणाचं ऐकावं, मतदारांचं की स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीचं? नागरिकशास्त्र शिकवताना हा प्रश्न मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. त्याचं उत्तर शोधताना अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या एका मतापाशी येऊन थांबले.

तारीख ८ डिसेंबर १९४१. आदल्याच दिवशी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला होता. जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव ३८८ विरुद्ध १ मतानं संमत झाला. सिनेटमध्ये तर विरोधी मत एकही पडलं नाही. ते एकमेव ‘नाही’ जेनेट रँकिन यांचं होतं.

रँकिन यांचा जन्म १८८० सालचा, मोंटाना राज्यातल्या मिझुला गावाजवळचा. तरुणपणीच त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या. मोंटानात तो हक्क १९१४ साली मिळाला आणि दोनच वर्षांनी रिपब्लिकन पक्षातर्फे त्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. अमेरिकी काँग्रेसमधल्या या पहिल्या स्त्री सदस्य. देशातल्या असंख्य स्त्रियांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता.

२ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. तेव्हा मतदान एकेकाचं नाव पुकारून व्हायचं, त्यामुळे गर्दीत लपता यायचं नाही. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. विरोधकांत ४९ पुरुष होते. गाजलं मात्र रँकिन यांचं मत. पहिलेपणाचा हा भार. पुरुषाचं मत त्याच्या एकट्याचं, बाईचं मत मात्र सगळ्या बायकांच्या नावावर! मताधिकार चळवळीतल्या कॅरी चॅपमन कॅट यांच्यासारख्या नेत्याही त्यांच्यावर नाराज झाल्या. तरी जानेवारी १९१८ मध्ये स्त्री मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरची चर्चा सभागृहात सुरू केली ती रँकिन यांनीच.

त्याच वर्षी त्या सिनेटची निवडणूक हरल्या. युद्धविरोधामुळे हरल्या, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. जून १९१७ मध्ये ब्यूट इथल्या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार मेले. त्यानंतरच्या संपात रँकिन कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि राज्यातल्या बलाढ्य खाण कंपनीचा रोष त्यांनी ओढवून घेतला. शिवाय मतदारसंघांची नवी आखणीही त्यांना गैरसोयीची ठरली होती.

पुढची वीसेक वर्षं त्यांनी शांततेच्या कामाला दिली. १९४० साली युद्धविरोधाची भूमिका उघडपणे मांडूनच त्या पुन्हा निवडून आल्या. ‘नाही’ म्हटल्यावर जमावापासून वाचण्यासाठी त्यांना टेलिफोन बूथमध्ये शिरावं लागलं. पोलिसांनी त्यांना कार्यालयापर्यंत पोचवलं. १९४२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही.

खरं सांगायचं तर १९४१ चं त्यांचं मत मला पटत नाही. हल्ला झालेला होता आणि समोरची सत्ता चर्चेनं थांबणारी नव्हती. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. आपला विवेक काय सांगतो, हे त्यांनी मतदारांना आधीच सांगितलं होतं. वारं फिरलं तेव्हा शब्द फिरवला नाही आणि त्याची किंमत तक्रार न करता मोजली. विवेक आणि मतदार यांतला झगडा याहून प्रामाणिकपणे कसा सोडवायचा?

पुढे गांधीविचाराच्या ओढीनं १९४६ ते १९७१ या काळात त्या सात वेळा भारतात आल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या हजारो स्त्रियांच्या मोर्चाच्या त्या अग्रभागी होत्या. १९७३ साली त्यांचं निधन झालं.

जून १९४२ नंतर अमेरिकेनं कुणाविरुद्धही रीतसर युद्ध पुकारलेलं नाही. युद्धं मात्र झाली; कोरियात तर काँग्रेसचं मत न घेताच सैन्य उतरलं. म्हणून आता मी फळ्यावर आणखी एक प्रश्न लिहिते: युद्धाआधी प्रतिनिधींची नावं पुकारलीच गेली नाहीत, तर ‘नाही’ म्हणायचं कुणी आणि कुठे?