एक दिवसाआड येणारा ताप

गेल्या पावसाळ्यात आमच्या नालासोपाऱ्याच्या उर्दू शाळेत तिसरीची एक मुलगी सोमवारी गैरहजर, मंगळवारी हजर, बुधवारी पुन्हा गैरहजर, अशी चालली होती. शुक्रवारीही ती आली नाही, तेव्हा तिच्या वर्गशिक्षिकेने मधल्या सुट्टीत हजेरीपट आमच्यापुढे ठेवला. चौकशी केली तर मुलगी ठणठणीत. आजारी होता तिचा दोन वर्षांचा भाऊ. त्याला ताप चढला की अम्मी त्याला घेऊन दवाखान्यात जायची आणि घर सांभाळायला ही थांबायची. अम्मींना बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, "टीचर, बुखार तो उतर गया था. कल दिनभर खेल रहा था."

हिवताप आईला फसवतो तो इथेच. मुंबई-वसईच्या पट्ट्यात जास्त आढळणाऱ्या व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढतात आणि साधारण ४८ तासांनी त्या पेशी फोडून बाहेर पडतात. त्या वेळी थंडी वाजते, ताप चढतो, मग घाम येऊन उतरतो. मधला दिवस बरा जातो. जुन्या बायका याला 'एकांतरा' म्हणत, आपल्या घरांतल्या दादी-नानी 'तिजारी' म्हणतात. त्यांची ही ओळख बरोबरच होती. पण लहान मुलांत सुरुवातीचे काही दिवस ताप असा ठरल्या वेळी येतोच असे नाही, रोजही येतो. म्हणून पाळी ओळखू येईपर्यंत थांबून राहण्यात अर्थ नाही.

तान्ह्या बाळाला 'थंडी वाजते' हे सांगता येत नाही. ते किरकिर करते, दूध तोडते, उलट्या करते, कधी जुलाब किंवा खोकलाही असतो. आई समजते दात येताहेत, कोणी म्हणते नजर लागली. दम केलेले पाणी पाजायला आमची ना नाही. पण इलाज करण्याची शिकवणही आपल्याला दिलेली आहे, आणि इलाज सुरू होतो तो बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबापासून. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत मुलाला ताप आला, की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासावे. किटवरची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते, काचेवरच्या नमुन्याला थोडा जास्त वेळ लागतो. एकदा 'मलेरिया नाही' असे आले आणि ताप मात्र सुरूच राहिला, तर पुन्हा तपासायला सांगावे. उत्तर प्रदेशात गावी जाऊन आला असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

त्या अम्मींनी आठवडाभरात तीन वेळा पैसे मोजले होते. दर खेपेला मुलाला सुई टोचली गेली, पण रक्त एकदाही तपासले गेले नव्हते. सुई टोचली म्हणजे चांगला इलाज झाला, हा समज आपल्या वस्त्यांत फार घट्ट बसला आहे. तापाचे औषध ताप उतरवते, जंतू मारत नाही. पपईच्या पानांचा रसही मारत नाही. खरे तर वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय ही दोन्ही महापालिकेचीच आहेत, आणि मलेरियाची तपासणी व औषध सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. रांग लागते, हे खरे.

मुलाला झटका आला, ते शुद्धीत नसले, पाणीही पोटात ठरत नसले, श्वास जोरात चालला असला, डोळे पिवळे किंवा ओठ-तळवे पांढरे पडले, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्यावे. अशा वेळी फाल्सिपेरम जातीचा मलेरिया असू शकतो आणि तो मुलाला सकाळपर्यंतची सवड देईलच असे नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या मुलावर तीन-तीन गोधड्या टाकू नयेत. अंगाचा ताप आतच कोंडतो.

भावाच्या रक्तात व्हायवॅक्स निघाला. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप गेला. चौदा दिवसांची दुसरी गोळी, प्रायमाक्विन, पाचव्या दिवशीच बंद झाली, कारण 'गरम पडती है'. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. ही गोळी त्यांच्यासाठी असते. रिकाम्या पोटी घेतली तर पोटात दुखते, म्हणून खाल्ल्यावर द्यावी. एक वर्षाखालच्या बाळाला ती देत नाहीत, आणि काही मुलांना रक्तातल्या एका जन्मजात कमतरतेमुळे ती सोसत नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे. नुसती गरम पडते म्हणून बंद करू नये. आम्ही त्या अम्मींना पुन्हा रुग्णालयात धाडले. गोळी पहिल्यापासून सुरू झाली आणि बहिणीकडे काम आले कॅलेंडरवर रोज खूण करायचे. चौदा खुणा पुऱ्या झाल्या.

डासांबद्दल सांगायचे तर गटारीपेक्षा घरातले पिंप बघावे. मुंबईच्या मलेरियावर १९११ साली डॉ. बेंटली यांनी अहवाल लिहिला, तेव्हा बोट विहिरींकडे होते. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनाफिलिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि पाण्याचा भरवसा नसलेल्या आपल्या चाळींत टँकरचे पाणी दारोदार पिंपांत भरून ठेवलेले असते. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, आतून घासून, वाळवून मग भरावे. मशिदीच्या वजूच्या हौदात आणि वसईच्या बावखलांत गप्पी मासे सोडता येतात. हा डास रात्री चावतो, तेव्हा मुले मच्छरदाणीत झोपलेली बरी.

आमच्या शाळेच्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण फुटलेले होते, हे या सगळ्या चौकशीत आमच्याच लक्षात आले. ते बदलून घ्यायला दोन अर्ज आणि पूर्ण ऑगस्ट महिना गेला.