जुना ट्रक, जपलेले हात
१९५४ साली जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रकची निर्मिती सुरू झाली. तसल्याच ट्रकवर यवतमाळच्या जिनिंगांना कापूस पोहोचवण्यात आयुष्य गेलेले आजोबा आता अंगणातील शेडमध्ये त्याची डागडुजी करीत असतील, तर घरच्यांनी पाने-पेचकस लपवू नयेत. हाताला काम असले की मनाला उभारी राहते. पथ्ये मात्र पाळावीत. बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नये; कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. पत्रा लागल्यास धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे. अन् मुलाने शेजारी बसून टॉर्च धरावा.