शाळेपासून नोकरीपर्यंत: कागदपत्रांविना चार दशकं

१५ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्याचा निकाल दिला. टेक्सासमधल्या टायलर शहरात, वास्तव्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून सरकारी शाळेसाठी वर्षाला हजार डॉलर मागितले जात होते. आईवडिलांनी कायदा मोडला म्हणून मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. बारावीपर्यंतची वाट मोकळी झाली. त्यापुढचं शिक्षण या खटल्याचा विषयच नव्हता आणि तिथेच खरी अडचण सुरू होत होती.

कॉलेजचा अर्ज भरायची वेळ आली, की सोशल सिक्युरिटी नंबर लागे. आपल्याकडे तो नाही, हे अनेक मुलांना तेव्हाच पहिल्यांदा कळे. केंद्र सरकारची आर्थिक मदत त्यांना मिळत नव्हती, आजही मिळत नाही. १९९६ च्या कायद्याने तर केवळ राज्यात राहतो म्हणून अशा विद्यार्थ्याला फीची सवलत देण्यावर निर्बंध आणले. २००१ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने यातून मार्ग काढला. कॅलिफोर्नियाने निकष ठेवला तो शाळेचा: राज्यातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकून उत्तीर्ण झालेल्याला स्थानिक फी. टेक्सासच्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रिक पेरी रिपब्लिकन होते, हे आज मुद्दाम आठवायला हवं.

पण फी कमी झाली म्हणजे आयुष्य मार्गी लागलं, असं नव्हतं. २००४ मध्ये फिनिक्सच्या कार्ल हेडन हायस्कूलमधल्या चार मुलांनी पीव्हीसीच्या पाइपांचा, पाण्याखाली चालणारा रोबो बनवला. फ्रेडी लाजवर्दी आणि अ‍ॅलन कॅमेरॉन हे त्यांचे शिक्षक. सांता बार्बराच्या स्पर्धेत त्यांनी थेट कॉलेजांच्या गटात उतरून एमआयटीला मागे टाकलं. चौघांकडेही कागदपत्रं नव्हती. दोनच वर्षांनी अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी अशा मुलांची स्थानिक फीची सवलत काढून घेतली. चौघांपैकी ऑस्कर वास्केझ याने २००९ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. इंजिनिअर म्हणून नोकरी करायची कायदेशीर मुभा मात्र त्याला नव्हती. तो स्वतःहून मेक्सिकोला परतला, तिथून अर्ज केला आणि २०१० मध्ये व्हिसा मिळाल्यावर अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊन अफगाणिस्तानला गेला. अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी आपला निर्णय फिरवला, तो २०२२ मध्ये.

२०१० च्या डिसेंबरमध्ये, अशा मुलांना कायदेशीर दर्जाची वाट देऊ पाहणारा ‘ड्रीम अ‍ॅक्ट’ सिनेटमध्ये अडला. साठ मतं हवी होती, पंचावन्न पडली. मग १५ जून २०१२ रोजी ओबामा प्रशासनाने ‘डीएसीए’ योजना जाहीर केली: हद्दपारीपासून दोन वर्षांचा दिलासा आणि वर्क परमिट, पुढे नूतनीकरणाची सोय. आठ लाखांहून अधिक तरुणांना तिचा लाभ झाला. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने या मुलांना उघडपणे प्रवेश दिला. पदवीनंतर पगार मिळू शकतो, हा भरवसा पहिल्यांदाच आला.

तो टिकला नाही. २०१७ मध्ये योजना बंद करण्याची घोषणा झाली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाचवली, पण २०२१ पासून नवे अर्ज मंजूर होत नाहीत. शिवाय जून २००७ पासून अमेरिकेत सलग राहत असण्याची अट आहे. त्यामुळे आज कॉलेजात येणारी बहुतेक मुलं या योजनेत बसतच नाहीत.

म्हणून मदत करणाऱ्यांचं कामही बदललं. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ मध्ये सुरू झालेली ‘इमिग्रंट्स रायझिंग’ ही संस्था शिष्यवृत्त्यांबरोबर स्वतःचा व्यवसाय उभा करायलाही शिकवते. १९८६ च्या कायद्याप्रमाणे नोकरी देणाऱ्याला कर्मचाऱ्याची कागदपत्रं तपासावी लागतात. स्वतंत्र व्यावसायिकाबाबत तशी पडताळणी बंधनकारक नाही. कॅलिफोर्नियात सर्जिओ गार्सिया यांना जानेवारी २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलीची सनद दिली, पण एखाद्या फर्ममध्ये नोकरी करणं त्यांना शक्य नव्हतं. सनद हाती आणि नोकरी बंद, अशी ही कोंडी.

तिची झळ मराठी घरांनाही लागते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आईवडिलांबरोबर लहानपणी गेलेली मुलं ग्रीन कार्डच्या रांगेतच एकवीस वर्षांची होतात आणि आईवडिलांच्या व्हिसावरचा त्यांचा हक्क संपतो. ती कायदेशीरपणे राहत असल्याने ‘डीएसीए’ही त्यांच्यासाठी नव्हती.

फीची जुनी सवलतही सुरक्षित राहिली नाही. ४ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारने टेक्सासच्या फी-सवलतीच्या कायद्याविरुद्ध दावा लावला. राज्याने तो लढवलाच नाही आणि चोवीस वर्षांचा कायदा त्याच दिवशी रद्द झाला.

या चार दशकांत कायदे आले, गेले, अडकले. विद्यार्थी तरले ते नियम बदलले तरी पाठीशी राहिलेल्या शिक्षकांमुळे, समुपदेशकांमुळे आणि खासगी शिष्यवृत्त्यांमुळे. समाज या मुलांवर बारा वर्षं शाळेचा खर्च करतो आणि ती कमावती होण्याच्या वयाला आली, की हात आखडता घेतो. यात न्याय नाही आणि शहाणपणही नाही. म्हणून कॉलेजांनी प्रवेशाच्या दिवशीच या मुलांशी पदवीनंतरच्या कामाबद्दल बोलायला हवं, आणि पहिली कमाई हाती येईपर्यंत त्यांची साथ सोडता कामा नये.