धावपटूंचे अतिश्रमजन्य विकार आणि सूचीवेध

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील वैद्यांकडे पायाच्या दुखण्यासाठी येणाऱ्या तरुणांमध्ये भरतीची तयारी करणारे पुष्कळ असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी हे अंतर ५ किलोमीटर आहे. पहाटे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाच्या डांबरावर, झिजलेल्या बुटांनिशी सराव करायचा आणि दिवसा केळीचे घड वाहायला जायचे, असा काहींचा क्रम असतो. अस्थी व कंडरांची झीज भरून येण्यापूर्वीच त्यांच्यावर पुन्हा भार पडतो. भरतीची तारीख जाहीर झाली की मागणी एकच असते: “डॉक्टरसाहेब, आठ दिवसांत पळता आलं पाहिजे.” अशा वेळी ॲक्युपंक्चरकडे किंवा आपल्याकडील विद्धकर्माकडे वैद्याचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. सुई वेदना कमी करते, भार कमी करत नाही. हा भेद चिकित्सेच्या आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो.

या विकारांची कल्पना आपल्या ग्रंथांना नवी नाही. पाय वेडावाकडा पडल्याने वातकंटक होतो, असे सुश्रुतांनी निदानस्थानात सांगितले आहे. वाग्भटांनी त्याच्या जोडीला ‘श्रम’ हे स्वतंत्र कारण दिले. एका आघाताने होणारी इजा आणि अतिवापराने होणारी इजा यांतील फरक त्या एका शब्दाने नोंदला गेला. सुश्रुत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात वातकंटकासाठी क्षिप्र मर्माच्या दोन अंगुळे वर सिराव्यध सांगितला आहे, तर सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात स्नायू, संधी व अस्थींतील तीव्र वातरुजेवर अग्निकर्म आहे. मात्र सिराव्यधात रक्तमोक्षण अभिप्रेत आहे, ॲक्युपंक्चरमध्ये नाही. दोन्ही एकच असल्याचे सांगण्याचा मोह काहींना होतो; तो टाळलेला बरा. ॲक्युपंक्चर ही चिनी परंपरा आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे ती विद्या भारतात आणली.

सुईने वेदना का शमते, याचा काही उलगडा झाला आहे. नॅलॉक्सोन दिल्यास ॲक्युपंक्चरचे वेदनाशमन घटते, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांत दिसले. म्हणजे शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा त्यात वाटा आहे. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगात सुईच्या जागी ॲडेनोसिन वाढल्याचे आढळले. रुग्णांवरील निष्कर्ष मात्र बेताचे आहेत. टाचदुखीच्या ८४ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेशींतील वेदनाबिंदूंवर कोरडी सुई वापरली गेली. सकाळच्या पहिल्या पावलाची वेदना खोट्या सुईपेक्षा खऱ्या सुईने अधिक घटली, पण फरक मोठा नव्हता. याउलट घोट्यामागील कंडरेसाठी आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही उपयोगी मानला जातो: पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडणे, १५ वेळा, असे ३ फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. यास सुई लागत नाही, चिकाटी लागते. सुईने मिळालेला आराम हा व्यायाम सुरू करण्यासाठी वापरावा, धाव पूर्ववत वाढवण्यासाठी नव्हे.

खरा धोका नडगीचा आहे. नडगीच्या आतल्या कडेला बोटभर-दोन बोटे नव्हे, तर पाच सेंटीमीटरहून अधिक लांबीवर पसरलेले दुखणे बहुधा अस्थ्यावरणाच्या क्षोभाचे असते. भार कमी केल्यास ते शमते. एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येणे, रात्री वा विश्रांतीतही ठणकणे, एका पायावर उडी मारताच असह्य वेदना होणे, ही लक्षणे अस्थीला तडा गेल्याची शंका निर्माण करतात. अशा बिंदूवर ना सुई, ना अग्निकर्म. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये तडा दिसेलच असे नाही, त्यामुळे ‘फोटो चांगला आहे’ या शब्दावर रुग्णास धावू देऊ नये. एमआरआय करावा किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. वेदना हा तेथे एकमेव पहारेकरी असतो. त्यास झोपवून मुलगा मैदानात उतरला तर तडा पूर्ण भंगात जाऊ शकतो, आणि मग हुकते ती केवळ या वर्षाची भरती नव्हे.

विद्धकर्म करताना २६ क्रमांकाची असो वा ॲक्युपंक्चरची बारीक, सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची. उपाशीपोटी सराव करून आलेल्या रुग्णास बसवून सुई टोचल्यास भोवळ येते, झोपवूनच टोचावी. ग्रीष्मात अग्निकर्म वर्ज्य आहे, आणि वैशाखातील खानदेश पाहता त्यास अपवाद शोधण्याची घाई नको. वाग्भटांनी तर बलवानासही अर्धशक्ती व्यायाम केवळ शीतकाळात व वसंतात सांगितला आहे, एरवी त्याहूनही कमी. कायद्याची बाजूही पाहावी: राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम असून त्यात नोंदणीची तरतूद आहे. आयुर्वेदाच्या पदवीने ॲक्युपंक्चरची पाटी आपोआप लावता येईल असे गृहीत धरू नये.

औषधालय चालकांसाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. विषमुष्टी वटी, अग्नितुंडी वटी यांत कुचला असतो, आणि त्यातील स्ट्रिक्नीन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. सोमलतेतील एफेड्रिनलाही स्पर्धाकाळात मर्यादा आहे. जिल्हा वा राज्य संघातून खेळणारा धावपटू कंबर-पाय दुखतात म्हणून वातहर गोळी मागेल, तेव्हा तो कोणत्या स्पर्धेत उतरणार आहे हे काउंटरवरच विचारावे आणि कुचलायुक्त कल्प त्यास देऊ नयेत. स्पर्धेच्या तोंडावर कोणी स्टेरॉईडचे इंजेक्शन घेऊन आला असेल तर तेही नोंदवून ठेवावे; २०२२ पासून स्पर्धाकाळात इंजेक्शनद्वारे कोणत्याही मार्गाने दिलेले हे औषध निषिद्ध आहे. अशा धावपटूस सुईचा पर्याय या दृष्टीने निर्धोक ठरतो, नडगीची तपासणी आधी झाली असेल तर.