मीटर स्वतः रीडिंग पाठवतोय, तुम्ही ते बघताय का?

वीजबिल हातात पडलं की आपण म्हणतो, ‘एवढं कसं आलं?’ पण तोवर महिना संपलेला असतो.

आता मीटर बदलतोय. पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेत दुरून रीडिंग घेता येणारे एएमआर पाणीमीटर बसवले. महावितरण टीओडी स्मार्ट मीटर बसवतंय. हा मीटर मोबाईल नेटवर्कवरून वापर कळवतो आणि तो आपल्याला अ‍ॅपवर दिसतो.

घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून टीओडी मीटरवर सकाळी 9 ते सायंकाळी 5 मधल्या विजेला सवलत आहे. दुकान किंवा कारखान्याचे दर वेगळे असतात, म्हणून आधी बिलावरचा प्रवर्ग बघा.

पण मीटर बिल कमी करत नाही. तो फक्त गळती दाखवतो. समजा, अवसरी बुद्रुकमध्ये तुमचं दुकान आहे. रात्री शटर ओढताना आणि सकाळी उघडताना रीडिंग बघा. फरक 3 युनिट आला, तर महिन्याला 90 युनिट. 10 रुपये दर धरा, 900 रुपये झाले! फ्रीजचे असतील तर ठीक. नाहीतर शोधा, काय चालू राहतंय?

यातच धंदाही आहे. शेजारी अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली शिकलेली पोरं हाताशी धरा आणि डेअरी, हॉटेल, गिरणीवाल्यांना ही तपासणी करून द्या. पहिलं गिऱ्हाईक मात्र स्वतःचं दुकान. आज रात्रीच सुरुवात करा!