पंचनामा वेगळा, सर्व्हे वेगळा

विमा उतरवलेल्या मालमत्तेचे मोठे नुकसान झाले की ते मोजायला परवानाधारक सर्व्हेअर येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने रत्नागिरी जिल्ह्यात घरांची पडझड झाली, तेव्हा तलाठ्यांनी पंचनामे केले. याच जिल्ह्यातल्या लांज्यात पंचनामा सर्वांच्या ओळखीचा. पण तो सरकारी मदतीसाठी असतो. विम्याच्या दाव्याला त्याचा आधार मिळतो, मात्र सर्व्हेची जागा तो घेत नाही.

सर्व्हेअर फुटलेली कौले, मोडलेले वासे, चिऱ्याच्या भिंतीला गेलेले तडे पाहतो, फोटो काढतो, खर्चाचा अंदाज तपासतो. विमा कमी रकमेचा असल्यास भरपाईही त्या प्रमाणात घटते. दहा लाखांच्या काजू कारखान्याचा विमा पाच लाखांचाच असेल, तर लाखाच्या नुकसानीला साधारण पन्नास हजारच मिळतात. ‘भारत गृह रक्षा’ या घरांच्या पॉलिसीत ही कपात नाही, ही तिची मोठीच जमेची बाजू.

सर्व्हेअरने निष्पक्ष असणे बंधनकारक आहे, तरी त्याला नेमते आणि फी देते ती विमा कंपनीच. अमेरिकेत विमाधारक स्वतःच्या बाजूने ‘पब्लिक ॲडजस्टर’ नेमू शकतो. तो सहसा भरपाईतला काही टक्के हिस्सा घेतो. भारतात असा स्वतंत्र परवानाधारक व्यवसाय रुजलेला नाही. म्हणून ढिगारा हलवण्यापूर्वी फोटो काढावेत, बिले जपावीत, सर्व्हे अहवालाची प्रत मागावी. हा अहवाल अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीने तक्रारीची दाद घेतली नाही, तर वर्षभरात विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.